पुढच्या गाडीचा लाल दिवा: मुंबई-गोवा महामार्गावरच्या एका डायव्हर्जनचा प्रकरण अभ्यास

चालकांचे प्रशिक्षण वर्ग घेताना मी एक डॅशकॅमची चित्रफीत दाखवतो. जेमतेम दीड मिनिटाची आहे. पहिल्या मिनिटात पाऊस, काच पुसणारे वायपर आणि पुढच्या बसचे दोन लाल दिवे, एवढंच दिसतं. मग बस डावीकडे खाली उतरते आणि कॅमेऱ्यासमोर काळोख उरतो. इथे मी चित्र थांबवतो आणि विचारतो, "आता काय कराल?" बहुतेक जण "ब्रेक" म्हणतात. उत्तर चुकीचं नाही. पण तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, आणि हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच.

गाडी ज्यांची, त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, गावं आणि नेमकी जागा गाळली आहे. चालकाशी, त्याच्या मामांशी आणि मेहुण्याशी मी वेगवेगळं बोललो. तिघांच्या आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे चित्रफीत प्रमाण मानली.

पार्श्वभूमी

2022 ची गणेश चतुर्थी बुधवारी, 31 ऑगस्टला होती. डोंबिवलीत राहणारं, लांजा तालुक्यातलं एक कुटुंब सोमवारी रात्री साडेनऊला गावी निघालं. गाडी सात आसनी, दोन वर्षं जुनी. चालक 38 वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला. सोमवारी पूर्ण दिवस काम करून, घरी येऊन, सामान चढवून तो स्टिअरिंगवर बसला होता. शेजारी मामा. ते एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, वय 63. मधल्या सीटवर चालकाची आई, बायको आणि चौदा वर्षांची मुलगी. मागे मेहुणा आणि बाकी सगळ्या जागेत पिशव्या, मखराचं सामान, दोन पंखे.

ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना या रस्त्याबद्दल सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मुंबई-गोवा महामार्गाचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66 चं, चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने चाललं. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं. 2022 च्या पावसाळ्यात काही ठिकाणी सिमेंटचा रस्ता तयार होता, काही ठिकाणी जुना डांबरी रस्ताच वापरात होता आणि या दोन्हींच्या मध्ये डायव्हर्जन. चिपळूणच्या पुढे आरवली ते हातखंबा या पट्ट्यात तर एक किलोमीटर गुळगुळीत सिमेंट, मग खाली जुन्या रस्त्यावर, मग परत वर, असा प्रकार होता. ज्याचं काम अजिबात सुरू झालेलं नाही असा खराब रस्ता मला परवडतो. तिथे चालक आपोआप सावध असतो. अर्धवट झालेला चांगला रस्ता जास्त फसवतो.

गणपतीच्या दिवसांत या मार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. त्यामुळे कोंडी कमी होते हे खरं, पण चिपळूण ओलांडल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुसाट सुटतात हेही तितकंच खरं.

निघण्यापूर्वीचे पर्याय

घरात दोन दिवस चर्चा झाली होती. रेल्वेची आरक्षणं मिळाली नव्हती. दुसरा मार्ग होता पुणे-कोल्हापूरवरून मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा. अंतर बरंच जास्त, पण बहुतेक रस्ता पक्का चौपदरी. गणेशभक्तांसाठी त्या मार्गावर टोलमाफीही होती. मामांचं मत याच मार्गाच्या बाजूने होतं. चालकाने मुंबई-गोवा मार्ग निवडला, कारण "शंभरेक किलोमीटर उगाच कशाला".

तिसरा पर्याय वेळेचा होता: मंगळवारी पहाटे चारला निघायचं आणि कामाचा पट्टा दिवसाउजेडी पार करायचा. तो आईमुळे मागे पडला. मंगळवारी हरतालिका होती. आईचा उपास, आणि पूजेला गावच्या घरी सकाळीच पोचायचं होतं. म्हणून रात्री निघायचं ठरलं.

या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. सणाला वेळेत पोचणं ही खरी गरज असते, आणि ती न समजणारा प्रशिक्षक चालकांना काही शिकवू शकत नाही. पण रात्र निवडली म्हणजे वेगही रात्रीचाच ठेवायला हवा, ही त्या निर्णयाची दुसरी बाजू. ती कुणी बोलून दाखवली नाही.

पहाटे साडेतीनपर्यंत

वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, सगळीकडे गर्दी. माणगाव पार करायलाच पाऊण तास गेला. कशेडी घाटात पाऊस. सावर्ड्याला चहासाठी थांबले तेव्हा सव्वातीन वाजले होते. मामा म्हणाले, "आता पुढे मी घेतो." त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी झालेलं. चालक म्हणाला, "मामा, तुम्ही बसा निवांत. तासाभराचा तर प्रश्न आहे."

त्याने नकार दिला ते बरोबरच केलं. पण तिथे तिसराही रस्ता होता: चहाच्या टपरीजवळच दीड तास गाडीत झोप काढायची आणि फटफटलं की निघायचं. हा विचार कुणाच्याच मनात आला नाही. चालक सोमवारी सकाळी सहाला उठलेला होता. म्हणजे त्या क्षणी त्याला जागून एकवीस तास झाले होते.

सावर्ड्यानंतर त्यांना एक लक्झरी बस मिळाली. "मिळाली" हा चालकाचाच शब्द. पावसात पुढचं दिसत नव्हतं, पांढरे पट्टे नव्हते, समोरून येणाऱ्यांचे अपर, म्हणजे हेडलाइटचे लांबचे झोत, डोळ्यांवर येत होते. अशा वेळी रोजच्या रस्त्याची एखादी बस पुढे असली की हायसं वाटतं. ती वळली की आपण वळायचं, ती हळू झाली की आपण हळू व्हायचं. पुढची पंचवीस मिनिटं त्याने गाडी चालवली ती रस्ता बघून नव्हे, ते दोन लाल दिवे बघून.

अडचण

तीन वाजून पन्नास मिनिटं. गाडी सिमेंटच्या नव्या रस्त्यावर, वेग ताशी 64 किलोमीटर (डॅशकॅममध्ये जीपीएसची नोंद आहे). बस साधारण वीस मीटर पुढे. या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे अठरा मीटर जाते, म्हणजे दोन वाहनांत सेकंदभराचंच अंतर होतं.

पुढे एका मोरीचं काम अर्धवट होतं. मोरीच्या अलीकडे साठ मीटरवर सिमेंटच्या रस्त्यावर आडवे पाच प्लास्टिकचे ड्रम लावलेले होते, आणि तिथूनच मुरमाचा उतार डावीकडे जुन्या डांबरी रस्त्यावर जात होता. जुना रस्ता दीड फूट खाली. पाचांपैकी दोन ड्रम आडवे पडलेले, त्यामुळे मधे एक गाडी आरामात जाईल एवढी फट. उरलेल्यांच्या रेडियमच्या पट्ट्यांवर चिखल. वळणाची पाटी होती, पण ड्रमांच्या पंधरा मीटर अलीकडे, आणि तीही कलून शेताकडे तोंड करून उभी.

बस डावीकडे उतरली. तिच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याचा पडदा बाजूला झाला तेव्हा चालकाला समोर ड्रम दिसले. अंतर साधारण पंचवीस मीटर.

बसचे ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. चालकाला वाटत होतं की आपलं लक्ष चुकलं असावं. चित्रफीत तीनदा बघितल्यावर मामांनी खुलासा केला: "तो रोजचा ड्रायव्हर हाय. त्याला ठाऊक, इथं उतरायचं. त्यानं आधीच गिअर कमी करून गाडी आवरली. पाय ब्रेकवर गेलाच नाय, तर लाल दिवा पेटंल कुठून?" वर्षानुवर्षं हा विषय शिकवूनही हा मुद्दा मी स्वतः कधी नीट मांडला नव्हता. आपण पुढच्याचा दिवा बघून चालतो तेव्हा त्याच्या माहितीवर विसंबलेले असतो, पण ती माहिती आपल्यापर्यंत पोचवणारा दिवा फक्त ब्रेकला जोडलेला असतो. त्याच्या डोक्यात काय आहे ते दिवा सांगत नाही.

त्या दोन सेकंदांतले पर्याय

तीन गोष्टी करता आल्या असत्या. बसच्या मागोमाग डावीकडे वळणं; पण 64 च्या वेगात, ओल्या मुरमाच्या उतारावर, सामान आणि सहा माणसं भरलेली उंच गाडी उलटण्याचीच शक्यता जास्त. उजवीकडे काढणं, तिकडे काय आहे ते दिसतच नव्हतं. आणि सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबणं.

चालकाने ब्रेक दाबला. हे त्याने अतिशय योग्य केलं. गाडीला एबीएस असल्याने चाकं जाम झाली नाहीत. गाडी फटीतून आत शिरली, एक रिकामा ड्रम उडाला, डंपरच्या चाकांबरोबर आलेल्या चिखलावरून ती थोडी घसरली, पण वेग कमी होत गेला.

मग शेवटच्या क्षणी त्याने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. खाली जुन्या रस्त्यावर बसचे दिवे दिसत होते, आणि हात तिकडे गेले. डावीकडची दोन्ही चाकं सिमेंटच्या कडेवरून खाली गेली, गाडीचं पोट कडेवर घासलं आणि ती कलून थांबली. पुढे पंधरा मीटरवर मोरीचा खड्डा होता आणि त्यातून वर आलेल्या उघड्या सळ्या. ड्रम दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत एकूण अंतर सुमारे सत्तर मीटर गेलं.

आई मधल्या सीटवर, नातीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. पट्टा लावलेला नव्हता. त्या पुढच्या सीटवर आदळल्या आणि उजवं मनगट मोडलं. पट्टे पुढच्या दोघांनी आणि मुलीने लावले होते, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. चालकाच्या बायकोच्या कपाळाला टेंगूळ आलं.

काय केलं गेलं

माझ्या मते प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग इथून सुरू होतो. वर्गात मात्र तो ऐकेपर्यंत लोकांचं लक्ष सळ्यांवरच अडकलेलं असतं.

मेहुणा पटकन उतरला आणि गाडीच्या मागे जाऊन मोबाइलचा टॉर्च हलवायला लागला. हेतू चांगला, जागा वाईट. तो नेमका त्याच रेषेत उभा होता जिथून त्यांची गाडी आली होती. मिनिटभरात एक छोटी गाडी त्याच फटीतून आत आली. तिचा वेग कमी होता म्हणून ती थांबली. मेहुण्यापासून जेमतेम एका गाडीच्या लांबीवर. त्या गाडीचा चालक पुढे कुणाच्या दिव्यामागे चालला होता? यांच्याच. कलून थांबलेल्या गाडीचे मागचे दिवे चालू होते आणि त्याला वाटलं रस्ता सरळ जातो आहे.

मामा तोवर पूर्ण जागे झाले होते. त्यांनी चार गोष्टी केल्या, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे.

सगळ्यांना डावीकडच्या दारातून उतरायला मनाई केली. गाडी डावीकडे कललेली, त्यामुळे तिकडून उतरणं सोपं होतं. पण तिकडे खाली चालू वाहतुकीचा जुना रस्ता होता. उजवीकडून वर चढून बाहेर या म्हणाले. नातीला सांगितलं, आजीला घेऊन त्या मुरमाच्या ढिगाऱ्यामागे जा आणि तिथून हलू नको. मुलीने ते अक्षरशः पाळलं. पंचेचाळीस मिनिटं भर पावसात छत्री धरून ती आजीजवळ उभी होती.

दुसरं, चारही इंडिकेटर लावले, म्हणजे आपल्याकडे ज्याला पार्किंग लाइट म्हणतात ते. (हे दिवे लावून चिपळूणपासून धावणाऱ्या चार गाड्या चित्रफितीत दिसतात. पाऊस आहे म्हणून लावले असतील. पण चालत्या गाडीवर ते सतत लुकलुकत राहिले की खरोखर थांबलेली गाडी ओळखायची कशावरून?)

तिसरं, मेहुण्याला लाल त्रिकोण देऊन कडेकडेने ड्रमांपर्यंत मागे पाठवलं. आणि चौथी गोष्ट त्यांनी स्वतः केली. आडवे पडलेले ड्रम उभे केले, फट बुजवली आणि प्रत्येकात दोन-दोन मोठे धोंडे टाकले.

त्यानंतर एकही गाडी आत आली नाही. त्रिकोण, टॉर्च, आरडाओरडा या सगळ्यापेक्षा दोन ड्रम उभे करण्याने जास्त काम झालं.

चालक या वेळात गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होता. खालून तेल गळत होतं. कडेवर घासून इंजिनचं चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, फुटलं होतं. मामांनी किल्ली काढून खिशात टाकली. हे थोडं दांडगाईचं वाटेल, पण चेंबर फुटलेलं असताना इंजिन चालवलं तर ते जाम होतं, आणि साध्या विमा पॉलिसीत असं मागाहून ओढवलेलं नुकसान सहसा धरत नाहीत. त्या किल्लीने पुढचा बराच खर्च वाचवला.

112 ला फोन केला, मग 108 ला. रुग्णवाहिका अर्ध्या तासाने आली. दरम्यान कामावरच्या पत्र्याच्या शेडमधून दोन मजूर बाहेर आले. त्यातला एक म्हणाला की असं अधूनमधून होतंच, रात्री ड्रम पडतात, सकाळी आम्ही उभे करतो. झेंडीवाला माणूस असतो, पण अंधार पडला की त्याची पाळी संपते. उजाडल्यावर कामावरच्याच जेसीबीने गाडी ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

परिणाम

आईंना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कच्चं प्लास्टर घातलं, मग रत्नागिरीत पक्कं. सहा आठवडे. हरतालिकेची पूजा चुकली, उपास मात्र त्यांनी सोडला नाही. गाडी गॅरेजला. चेंबर, लोअर आर्म, दोन रिम, एक टायर. गणपती घरी बसले ते मामांच्या पुढाकाराने.

पोलिसांनी पंचनामा केला. चालकाने महामार्गाच्या कार्यालयाला छायाचित्रांसह अर्ज दिला. त्यात मोटार वाहन कायद्यातलं कलम 198-अ नमूद केलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित अधिकारी यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोडलेलं मनगट अपंगत्वात बसतं का यावर वाद होऊ शकतो, आणि चालकाने तो घातलाही नाही. पण अर्जात कलम असल्यावर कागद हलतो, असा माझा अनुभव आहे. चार दिवसांत तिथे नवीन ड्रम आणि एक लुकलुकणारा पिवळा दिवा लागला.

आणखी एक गोष्ट झाली. 4 सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा विषय देशभर निघाला. यांच्या घरी टीव्हीसमोर आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या रिक्षातसुद्धा पट्टा शोधतात, असं नात सांगते.

निर्णयाच्या जागा

लोक विचारतात, चूक कुणाची? ड्रम पडू देणाऱ्यांची, हे उघड आहे. काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या वाहतूक व्यवस्थेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी एसपी 55. त्यात कामाच्या जागेचे चार टप्पे सांगितले आहेत: आधी सूचना देणारा, मग वाहनांना हळूहळू दुसऱ्या मार्गिकेत नेणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी मूळ रस्त्यावर परत आणणारा. त्या रात्री पहिला टप्पा नव्हताच. दुसरा होता म्हणायचा तर एक कललेली पाटी आणि तीन उभे ड्रम. म्हणजे चालकाला जी गोष्ट काही शे मीटर आधी कळायला हवी होती, ती पंचवीस मीटरवर कळली.

पण माझ्या वर्गात ठेकेदार बसत नाहीत, चालक बसतात. म्हणून मी त्यांच्या हातातलं बघतो.

पहिली जागा वेगाची. रस्ते आखताना अभियंते थांबण्याचं अंतर धरतात: धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर गाडी थांबेपर्यंतचं अंतर, दोन्ही मिळून. आयआरसीच्या कोष्टकात ते 65 च्या वेगाला 90 मीटर आहे, 50 ला 60 मीटर, 40 ला 45 मीटर. आता डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतावर, पावसात, समोरून दिवे येत असताना आपल्याला किती दिसतं? चाळीस-पन्नास मीटर दिसलं तरी नशीब. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या रस्त्यावरचा रात्रीचा वेग ताशी 40 निघतो. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. तो दिव्यांच्या झोतात लिहिलेला होता. चालक 40 वर असता तर पंचवीस मीटरवर ड्रम दिसूनही ड्रम उडवून पुढे वीसेक मीटरवर थांबला असता. सिमेंटवरच, चारही चाकं वर.

इथे वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, "सर, 40 ने गेलो तर मागचे हॉर्न वाजवून जीव काढतात." बरोबर आहे. काढतात. जागा मिळेल तिथे डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, मग परत आपल्या वेगाने. तीन तासांच्या पट्ट्यात असं दहा वेळा करावं लागलं तरी दहा मिनिटंसुद्धा जात नाहीत.

दुसरी जागा बसच्या मागे लागण्याची. पुढे वाहन असणं उपयोगाचं असतं, हे मी नाकारत नाही. पण ते वीस मीटरवर नको. त्या पावसात तीन-चार सेकंदांचं अंतर असतं तर बस उतरताना तिच्या दिव्यांची रेघ खाली वाकलेली दिसली असती, आणि रस्ता वळतो आहे हे ड्रम दिसण्याआधीच कळलं असतं. सेकंदभराच्या अंतरावर बस रस्ता दाखवत नाही, झाकते.

फोनवरच्या नकाशाचंही तेच. त्या रात्री नकाशावर सरळ निळी रेघ होती. जुना आणि नवा रस्ता शेजारी-शेजारी, दहा-पंधरा मीटरवर. आपण दोन्हींपैकी कुठल्यावर आहोत हे फोनला सांगता येत नाही, आणि आज सकाळी कुठला बंद केला हे तर त्याला माहीतही नसतं. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तीन तरुण रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडीसह खाली पडून मरण पावले. नकाशाच्या आधारे चालले होते असं तेव्हा सांगितलं गेलं. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या चालकाने मला फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही.

तिसरी जागा चिन्हांची. पाट्या नसल्या तरी काम बोलतं. चित्रफीत मागे नेऊन बघितली तर ड्रमांच्या आधी तीनशे मीटरपासून सिमेंटवर चिखलाचे पट्टे दिसतात, डंपर जिथे रस्त्यावर चढतात तिथले. मग उजवीकडे उभा एक रोलर. मग खडीचा ढीग. आणि डावीकडे, जुना डांबरी रस्ता झाडीतून परत जवळ येताना. यातली प्रत्येक गोष्ट सांगत होती की पुढे काहीतरी चालू आहे. मामा म्हणतात की एसटीत असताना नव्या मार्गावर ते रस्त्याआधी चिखल बघायचे. चालकाला यातलं काहीच आठवत नाही. त्याला फक्त लाल दिवे आठवतात.

वेगळं काय करता आलं असतं

आंब्याच्या मार्गाने गेले असते तर हे झालं नसतं, असं घरात अजून ऐकवलं जातं. मला तो युक्तिवाद फारसा पटत नाही. दमलेला माणूस पहाटे चार वाजता आंबा घाट उतरत असता, तर मला आणखी काळजी वाटली असती. रस्त्यापेक्षा सावर्ड्याची दीड तासाची झोप जास्त मोलाची होती.

मधल्या सीटवरचे पट्टे डोंबिवलीतच लावले असते तर मनगट वाचलं असतं. झोपायचं असेल तर बसून, पट्टा लावून. आडवं होऊन नाही.

शेवटच्या क्षणी स्टिअरिंग डावीकडे घेतलं नसतं तर? गाडी सिमेंटवर सरळ थांबली असती. चित्रफितीवरून मोजलं तर खड्ड्याच्या अलीकडेच. पण ही चूक मी फार ताणत नाही. हात डोळ्यांच्या मागे जातात. याहून वाईट जे होऊ शकलं असतं ते त्याने केलं नाही: चाकं कडेखाली गेल्यावर घाबरून स्टिअरिंग उजवीकडे झटकलं नाही. वेगात असताना तसं झटकलं की चाक कडेला घासत राहतं, मग एकदम वर चढतं आणि गाडी तिरपी होऊन पलीकडे फेकली जाते. कडेवरून चाक उतरलंच तर स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, वेग पार कमी होऊ द्यायचा आणि पातळी जुळते तिथून वर यायचं.

आणि मेहुणा. त्याच्याबद्दल बोलताना घरातले अजून गप्प होतात.

गाडी नवरात्रात तयार झाली. चालक ती आणायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. परत येताना दिवसा, कोरड्या रस्त्यावर, त्या जागी आम्ही थांबलो. मोरीचा स्लॅब अजून व्हायचा होता. नवीन ड्रम ओळीत उभे, त्यांच्यात धोंडे, आणि मधल्या ड्रमवर तो पिवळा दिवा. झेंडीवाला तोच मजूर होता. त्याने गाडी ओळखली आणि आईंची चौकशी केली. चालकाने दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, रात्री चालतो ना? तो म्हणाला, "चलता है साहब. शाम को लगा देते हैं. तीन-साढ़े तीन बजे तक बैटरी उतर जाती है."